आमच्या खेळातले देऊळ आणि पहिल्या नारळाचा मान

गेल्या पावसाळ्यात वेंगुर्ल्याला आमच्या घरी दर शनिवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा, म्हणजे फासे टाकून आणि पात्रे वठवून गोष्ट रचत जाण्याच्या खेळाचा, डाव बसत असे. माझी क्लेरिक, म्हणजे खेळातले माझे पुजारिणीचे पात्र, नवव्या लेव्हलला पोहोचली होती आणि खाडीच्या तोंडाशी वसलेल्या काल्पनिक गावात तिच्या समुद्रदेवतेचे देऊळ बांधावे, असे मी ठरवले.

आमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने, खेळाच्या नियमांच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीतला तक्ता उघडला. त्यात देवळाचा खर्च 50,000 सुवर्णनाणी आणि कालावधी 400 दिवस दिला आहे. बांधणारे पात्र जागेवर नसेल, तर गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसामागे काम तीन दिवसांनी लांबते. आम्ही मध्येच 20 दिवस मोहिमेवर गेलो आणि काम 60 दिवस पुढे गेले. हा नियम मला मनापासून पटला, कारण मालक समोर नसला की चिऱ्याच्या बांधकामाचे काय होते, हे आमच्याकडे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

एवढे सोने मात्र माझ्याजवळ नव्हते. तेव्हा डीएमने 1978 च्या जुन्या नियमांचा आधार घेतला. त्यांत नवव्या लेव्हलच्या क्लेरिकला धर्मस्थानाचा गड उभारता येतो, आतले मंदिर तळमजल्यावर किमान 2,500 चौरस फुटांचे असावे लागते आणि धर्मबांधवांच्या मदतीमुळे खर्च निम्मा होऊ शकतो. ही सवलत मी आनंदाने वहीत लिहून घेतली. आजोबा शेजारी सुपाऱ्या सोलत बसले होते. गावच्या देवस्थानात आमचे घर बारा-पाचाच्या मानकऱ्यांपैकी, म्हणजे परंपरेने मान असलेल्या घरांपैकी, असल्यामुळे देवळाचा विषय निघाला की त्यांचे कान तिकडे असतातच. ते म्हणाले, “अर्धो खर्च वाचलो तो कोणी उचललो गो? आणि पयलो नारळ कोणाचो?”

या प्रश्नाचे उत्तर दोन्ही आवृत्त्यांच्या नियमांत नव्हते, आणि माझ्या मते देवळाच्या नियमांतली खरी उणीव हीच आहे. जीर्णोद्धार निघाला की मुंबईकर चाकरमानी वर्गणी पाठवतात, गावकरी अंगमेहनत करतात आणि त्या बदल्यात कोणी पैसे मागत नाही. पण पालखीचा खांदा आणि नारळाचा क्रम चुकला तर सगळा गाव बिथरतो. म्हणून आम्ही ठरवले की काम करणाऱ्या प्रत्येक घराला एक मान द्यायचा आणि जे घर दुखावेल, त्यामागे देवळाच्या खर्चासाठी दर महिन्याला टाकायच्या फाशातून दहा वजा करायचे.

देऊळ चालवण्याच्या हिशेबात मी सुरुवातीला चुकले. मोठ्या देवळाला रोज 25 सुवर्णनाणी, दहा कुशल आणि दहा साधी माणसे लागतात. त्याखेरीज जुन्या नियमातली दर रहिवाशामागे महिना नऊ चांदीच्या नाण्यांची आवक मी धरत होते. परंतु पाचव्या आवृत्तीच्या तक्त्यात दान-दक्षिणा आधीच गृहीत धरलेली असल्याने तीच रक्कम दोनदा जमा होत होती. शिवाय जुन्या नियमांत वीस चांदीची नाणी म्हणजे एक सुवर्णनाणे होते, आता दहाच आहेत. ती आवक मी काढून टाकली. मग डीएमने व्यवसाय चालवण्याचा नियम देवळाला लावला: एक ते शंभर आकड्यांचा फासा टाकायचा आणि देवळात घालवलेले, जास्तीत जास्त 30, दिवस त्यात मिळवायचे. पूर्ण महिना दिला आणि कोणतेही घर दुखावले नाही, तर बेरीज 31 च्या खाली जात नाही, म्हणजे फार तर निम्मा खर्च खिशातून भरावा लागतो.

प्रतिष्ठापनेसाठी 1,000 सुवर्णनाण्यांचे धूप, तेल व वनस्पती वापरून सलग 24 तास मंत्र चालला आणि पहिला नारळ मी श्रीमंत व्यापाऱ्याच्या हाती दिला. चिरेखाणवाले, सुतार आणि होडीवाले अशी तीन घरे दुखावली. महिनाअखेर फासा 14 पडला. 30 दिवस मिळवले, 30 वजा झाले आणि बेरीज 14 च राहिली. वीस किंवा त्याहून कमी आल्यास दीडपट खर्च भरावा लागतो, म्हणून 1,125 सुवर्णनाणी गेली.

पुढच्या शनिवारचा पूर्ण डाव माझी क्लेरिक त्या तीन घरांच्या ओटीवर बसून होती. व्यापाऱ्याला सभामंडपातली एक जागा मिळाली, नारळ चिरेखाणवाल्यांकडे गेला, पालखीचा पुढचा खांदा सुतारांना ठरला आणि मागचा होडीवाल्यांना. तो क्रम कागदावर लिहून मी आजोबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि दिव्याच्या तेलाचा मान कोणालाच दिलेला नाही, तो होडीवाल्यांकडे असावा, असे सांगितले. आम्ही तो त्यांना दिला.