वरच्या खोलीतून खालच्या खोलीत : दुसऱ्या नेटवर्क कार्डाची जोडणी

माझा धाकटा भाऊ लग्नांचं शूटिंग करतो. त्याचा कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर, माझा खाली. त्याच्या प्रत्येक कामाची दुसरी कॉपी माझ्या हार्ड डिस्कवर ठेवायची, असं आमचं ठरलेलं आहे. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नातलं हळदीचं सगळं चित्रण गेलं. कॉपी रात्री लावून आम्ही झोपलो, पहाटे वीज गेली आणि कॉपी अर्ध्यावर राहिली. त्याच आठवड्यात त्याची डिस्क बसली. कॅमेऱ्यातली कार्डं तोवर पुढच्या कामासाठी पुसून झाली होती. नवरीच्या आईला हे सांगायला तो एकटा गेला. त्या दिवशी घरी आला तेव्हाचा त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

अडचण वेगाची होती. आमच्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे (सेकंदाला १०० मेगाबिट) आणि माझ्या मदरबोर्डावरचा पोर्टही तेवढाच. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११ एमबी (मेगाबाइट). एका लग्नाचं चित्रण अडीचशे जीबीच्या आसपास असतं. ते खाली यायला सहा तासांच्या वर लागायचे. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा स्विच आणूनही उपयोग नव्हता, कारण माझ्याच पोर्टाची धाव १०० पर्यंत. म्हणून ठरवलं, माझ्या कॉम्प्युटरला दुसरं, गिगाबिट कार्ड बसवायचं आणि त्यातून एक केबल थेट भावाच्या कॉम्प्युटरला न्यायची. इंटरनेट जुन्याच पोर्टातून राहू द्यायचं. भावाच्या मदरबोर्डावर गिगाबिट पोर्ट आधीपासून होता. तो रिकामा करून त्याचं इंटरनेट वायफायवर घेतलं.

कपाटात एक जुनं पीसीआय कार्ड पडलं होतं, रिअलटेक ८१३९ चिपचं. ते १०० चंच, आणि माझ्या बोर्डावर पीसीआयचा लांब स्लॉटही नाही. आहे तो पीसीआय एक्सप्रेसचा छोटा, एक्स१ स्लॉट. कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडून हे बघितलं, ते बरं झालं. रिअलटेक ८१११ चिपचं साधं कार्ड आणलं. माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, त्यात त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) आधीपासून असतो.

बसवायला दहा मिनिटं लागली. प्लग काढला, पॉवरचं बटण दोनदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला आणि कार्ड सरळ दाबून स्क्रू आवळला.

मशीन चालू केलं, तर इंटरनेटच बंद. नवं कार्ड दिसत होतं, पण जुन्या पोर्टाने मान टाकली होती. कार्ड बसवताना बोर्डावर काही दुखावलं की काय, या विचाराने पोटात गोळा आला. कार्ड काढलं की इंटरनेट चालू, घातलं की बंद. असं तीनदा केलं.

उलगडा झाला तो नेटवर्क कार्डांची यादी दाखवणारी आयपी लिंक ही कमांड दिल्यावर. लिनक्स हल्ली नेटवर्क कार्डाला नाव देतं ते त्याच्या जागेवरून. माझा जुना पोर्ट इतके दिवस ईएनपी२एस० होता. नवं कार्ड स्लॉटमध्ये बसल्यावर बसचे (बोर्डावरच्या जोडणीच्या वाटांचे) क्रमांक एका घराने सरकले. ईएनपी२एस० हे नाव नव्या कार्डाला गेलं आणि जुना पोर्ट झाला ईएनपी३एस०. नेटप्लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या मांडणीच्या फाइलमध्ये मी स्वतः पूर्वी जुनं नाव लिहून ठेवलं होतं, त्यामुळे राउटरकडच्या जोडणीचा पत्ता आणि गेटवे (इंटरनेटकडे जायची वाट) बिनकेबलच्या नव्या कार्डाला मिळत होता. पोर्टाला काहीच झालं नव्हतं.

माझ्या मते या सगळ्या कामात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच. नावावर भरवसा ठेवू नये, मॅक ॲड्रेसवर, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर ठेवावा. तो कार्डाबरोबर राहतो, स्लॉट बदलला तरी बदलत नाही. मी फाइलमध्ये दोन्ही कार्डं मॅक ॲड्रेसने ओळखायला लावली आणि त्यांना माझीच नावं दिली, एकाला ‘बाहेर’च्या अर्थाचं, दुसऱ्याला ‘घर’च्या. बदल लागू करताना नेटप्लॅन ट्राय वापरलं. १२० सेकंदांत आपण होकार दिला नाही तर ते जुनी मांडणी परत आणतं.

मग पत्ते. राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या मालिकेतले पत्ते देतो, म्हणून नव्या कार्डालाही मी त्याच मालिकेतला पत्ता दिला, आणि वरच्या पोर्टालाही. चूक झाली. दोन्ही कार्डं एकाच मालिकेत असली की डेटाचं कुठलं पार्सल कोणत्या दारातून पाठवायचं हे कॉम्प्युटरला नीट ठरवता येत नाही. माझी कॉपी राउटरकडूनच जात राहिली, वेग तोच ११. शेवटी थेट केबलला वेगळी मालिका दिली : खाली १०.१०.१०.१, वर १०.१०.१०.२.

भावाच्या विंडोजमध्ये पत्ता भरताना गेटवेच्या रकान्यात मी माझा १०.१०.१०.१ टाकला. मिनिटभरात जिन्यावरून हाक आली, “दादा, नेट गेलं बघ!” विंडोज केबलला वायफायच्या आधी मान देतं, गेटवे दिसल्यावर त्याने सगळं इंटरनेट माझ्याकडे वळवलं, आणि मी तर ते पुढे पाठवतच नव्हतो. रकाना रिकामा केला आणि त्याचं नेट परत आलं. गेटवे एकाच वाटेला असावा, राउटरच्या. यानंतर विंडोज त्या केबलला ‘अनोळखी नेटवर्क’ म्हणत राहतं आणि खालून पिंग केलं (समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का ते बघितलं) तर त्याची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारी सोय, उत्तर देत नाही. घाबरू नये. वरून खाली पिंग केलं, ते लगेच लागलं.

तरी वेग १०० चाच. कार्डाचा वेग सांगणाऱ्या ईथटूल कमांडनेही तेच दाखवलं. ही केबल मी स्वतः क्रिंप केली होती, म्हणजे टोकाचे कनेक्टर मीच बसवले होते. १०० एमबीपीएसला आठपैकी चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. वरच्या टोकाचा कनेक्टर उजेडात धरला, तर निळी तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती. कनेक्टर कापून टाकला आणि पुन्हा क्रमाने लावल्या : पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्रॉस केबलची (एका टोकाला तारांचा क्रम बदललेल्या केबलची) गरज पडली नाही, गिगाबिट पोर्ट ते आपसूक सांभाळतात.

वेग ११० एमबीवर गेला. पुढच्या लग्नाचं अडीचशे जीबी चित्रण चाळीस मिनिटांत खाली उतरलं. रात्री भाऊ जेवायला खाली आला तेव्हा दुसरी कॉपी झालेली होती. त्याने फोल्डर उघडलं, हळदीची फाइल लावली आणि शेवटपर्यंत बसून बघितली. नंतर मी दोन्ही मॅक ॲड्रेस एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवले.