तिसऱ्या डब्यातला दसरा

निवृत्त होताना ऑफिसने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ कधीच बंद पडलं, शाल हिने कुणाला तरी देऊन टाकली. कपाटात जपून ठेवलेली वस्तू वेगळीच आहे. लाल पुठ्ठ्याची लांबट वही, वर माझ्या अक्षरात ‘दसरा – वर्गणी’.

मी डोंबिवलीचा. १९७९ साली फोर्टातल्या एका कंपनीत अकाउंट्सला चिकटलो, २०१४ ला सुटलो. सकाळची डोंबिवलीहूनच सुटणारी फास्ट लोकल, मोटरमनकडून तिसरा डबा, सेकंड क्लास. त्यात भजनी मंडळ होतं. माझा आवाज बुवांनी पहिल्याच आठवड्यात ऐकला आणि हातात टाळांऐवजी वही दिली. ती शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिली.

दसऱ्याला सुट्टी, म्हणून आमचा दसरा आदल्या दिवशी, खंडेनवमीला. तेव्हा रविवार आला तर शनिवारी. आदल्या संध्याकाळी दोघांनी दादरला उतरून फुलबाजारातून झेंडू आणायचा. रात्री कुणाच्या तरी गॅलरीत बसून माळा ओवायच्या, कारण सकाळी गाडी फलाटाला लागली की सुटेपर्यंत हातात जेमतेम चार-पाच मिनिटं. चिकटपट्टी डब्याच्या पत्र्याला धरत नाही, हे एका वर्षी शिकलो. तेव्हापासून सगळं सुतळीने, हँडलच्या दांडीला. तोरणाची लांबी मी दोऱ्याने मोजून वहीत लिहून ठेवली होती. मोटरमनसाठी वेगळा हार. नारळ मात्र फलाटाच्या कडेवर फोडायचा. गाडीला नाही, हा बुवांचा दंडक.

भजनाचं वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकात बसवलेलं. गाडी हलली की गजर. दिवा मागे पडलं की पारसिकचा बोगदा. १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरच्या वरचा. रूपाचा अभंग, म्हणजे देवाच्या रूपाचं वर्णन करणारा, बरोबर बोगद्यात यायला हवा, कारण तिथे टाळांचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परत येई. बुवा तोंड उघडून आ लावत आणि उजेड येईपर्यंत सोडत नसत. एरवी दोनशे माणसांच्या घामाचा डबा, पण त्या दीड-दोन मिनिटांत कुणी कुणाला ‘जरा सरका’सुद्धा म्हणत नसे. ठाण्याला गर्दीचा लोंढा, मग गौळण. कुर्ल्याला आरती सुरू, कारण दादरला निम्मा डबा रिकामा होणार. भैरवी उरलेल्यांची.

पखवाज वाजवणारे मामा एका बँकेत शिपाई होते. घरून डब्यात पोळीभाजीबरोबर भिजवलेल्या कणकेचा गोळा आणायचे, धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला. त्यांच्याच बँकेतले एक साहेब आमच्या डब्यात टाळ धरायचे. साहेबांचा ताल सुटला की मामा मान न वळवता नुसती भुवई उचलत. साहेब ओशाळून सावरत. बँकेत पोचल्यावर काय होत असेल, याचं मला भारी कुतूहल वाटे.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आम्हा कारकुनांचं हत्यार कोणतं? एकदा कुणीतरी म्हणालं, पास! झालं, दरवर्षी ताम्हनात सगळ्यांचे पास रचायचे आणि हळदकुंकू वाहायचं. एका वर्षी कुंकू ओलं झालं. दादरला तिकीट तपासनिसाने माझा पास हातात घेतला, तर तारखेवर लालभडक डाग. तो बराच वेळ पास उजेडाकडे धरून बघत राहिला. मग म्हणाला, “प्रसाद आहे का?” पेढा तोंडात टाकून गेला. वहीत तो पेढा ‘इतर खर्च’ म्हणून लिहिला आहे.

प्रसाद जाळीतून शेजारच्या लेडीज डब्यातही जायचा. तिकडून कधी मोकळा पुडा परत आला नाही. चकल्या, करंज्या, एकदा तर सोललेले मटार. हे चुकून आले असावेत. आपट्याची पानंही आम्ही तेव्हाच वाटायचो. एक दिवस आधी सोनं लुटणारे आम्हीच.

सगळ्यांना हे आवडे असं नाही. रात्रपाळी करून परतणारा एक तरुण वैतागून म्हणाला होता, “देवाला नाही, आम्हाला तरी झोपू द्या.” तेव्हा आम्ही चारजण त्याच्यावर धावून गेलो. आता दुपारची झोपही लगेच मोडते, आणि वाटतं, त्याचं काही चुकलं नव्हतं.

बुवा गेले, मामा गावी गेले. गेल्या वर्षी खंडेनवमीला मुद्दाम ती गाडी पकडली. तिसऱ्या डब्यात तोरण होतं, पोरं नवी. दिवा गेलं आणि मी सवयीने खिडकीकडे वळलो. अंधार आलाच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवे मार्ग सुरू झाल्यापासून जलद लोकल मुंब्र्यावरून जातात, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना. पेपरात वाचलं होतं, पण विसरलो होतो. पोरांचा अभंग लख्ख उन्हात चालला होता. बरा गात होते.

“काका, वर्गणी?” एकाने मोबाइलवरचा कोड पुढे केला. मी एकशे एक रुपये पाठवले. पावती मागितली, तर तो हसला. घरी येऊन वही काढली आणि जमेच्या बाजूला नोंद केली.