तुम्ही विचारलंत म्हणून: असेक्शुअल माणसाचं एलजीबीटीमध्ये काय काम?

हा प्रश्न मला बाहेरच्यांपेक्षा आपल्याच लोकांकडून जास्त येतो, म्हणून नीट सांगते. मी असेक्शुअल आहे, म्हणजे मला कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटत नाही, पुरुषाबद्दल नाही, बाईबद्दल नाही, कधीच वाटलं नाही. प्रेम वाटतं, कुणाच्या तरी सोबतीने म्हातारं व्हावंसं वाटतं, पण ते नाही. आणि हे ब्रह्मचर्य नव्हे बरं का, ते माणूस ठरवून पाळतो, मी काहीच ठरवलेलं नाही.

पहिल्यांदा सपोर्ट ग्रुपला गेले, ओळख करून देताना असेक्शुअल म्हटलं तर एकाने विचारलं, म्हणजे तू आम्हाला सपोर्ट करायला आलीयेस का? (एलजीबीटीक्यूआयए मधला शेवटचा ए असेक्शुअलचा, पण तो अलाय, म्हणजे बाहेरून पाठिंबा देणारा, असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं.) एक मुलगी म्हणाली, तुला कुठे कोण त्रास देतंय, तुझं तर सोपंय. खूप लागलं मला ते. कारण लग्नाचा विषय निघाला की "होईल सवय", डॉक्टरकडे गेलं की "हार्मोन्स बघू", मैत्रिणी म्हणणार "योग्य माणूस भेटू दे", हे सगळं ऐकून ऐकूनच तर मी तिथे पोचले होते, आणि हीच वाक्यं तिनेही कधी ना कधी ऐकली असणार.

डीएसएम, म्हणजे अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांची आजारांची यादी, त्यातून समलैंगिकता काढायचा निर्णय १९७३ चा. त्याच यादीत, माणूस स्वतःला असेक्शुअल म्हणत असेल तर इच्छा नसणं हा आजार धरू नका, हे लिहिलं जायला २०१३ उजाडलं. पुस्तक तेच, चाळीस वर्षं उशिरा. मग आम्ही वेगळे कसे?

आणि हे फक्त आमचं नाही. बाई आणि पुरुष दोघांबद्दल आकर्षण वाटणाऱ्या बायसेक्शुअल माणसाला "अजून ठरलं नाही का" विचारतात, जन्मतः ज्याचं शरीर ठरावीक बाई किंवा पुरुषाच्या साच्यात बसत नाही अशा इंटरसेक्स माणसाला "तुमचा विषय मेडिकल आहे" म्हणून बाजूला करतात, जेव्हा की त्यांच्यातल्या कितीतरी जणांवर तान्हेपणीच, त्यांना न विचारता ऑपरेशनं झालेली असतात. त्रास किती झाला हे मोजून कुणाला आत घ्यायचं, हे मला पटतच नाही.

मी तो ग्रुप सोडला नाही. आता नवीन आलेल्यांशी पहिल्यांदा मीच बोलते, आणि कुणी स्वतःबद्दल सांगताना शब्दावर अडखळलं तर मी तो पुरवत नाही, थांबते.