गहू भिजत घालायचे का?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पावसाळाभर एक मेसेज फिरत असतो. ‘पुढील तीन तासांत ठाणे, मुंबई, रायगड जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस.’ त्यावर तारीख नसते, वेळही नसते. दुपारी दोनला निघालेला तो इशारा कुणाच्या मेव्हण्याकडून शाळेच्या ग्रुपवर, तिथून भिशीच्या ग्रुपवर, असा मजल दरमजल करत आमच्याकडे पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. बाहेर टिपूर चांदणं. मग प्रतिक्रिया सुरू. ‘पाऊस सांगितलाय ना, मग उद्या गोधड्या धुवायला काढा!’ हा विनोद माझे सासरे रेडिओच्या बातम्या ऐकून करायचे. आता फक्त त्याला हसणारी तोंडं पिवळी आणि गोल झाली आहेत.

एरवी सरकारी खात्यांची बाजू घेणाऱ्यांतली मी नव्हे, पण इथे हवामान खात्याची घ्यावीशी वाटते. आपण अंदाज ऐकतो तो अर्धाच. ‘एक-दोन ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ हे शब्द बातमी वाचताना आपण गिळून टाकतो आणि ‘मुसळधार’ तेवढा लक्षात ठेवतो. २०१४ साली पालघर वेगळा झाला तरी ठाणे जिल्हा काही लहान नाही. इकडे खाडी, तिकडे थेट शहापूर-मुरबाड. जिल्ह्यात एक-दोन ठिकाणी जोरदार पाऊस सांगितला आणि तो मुरबाडला पडला, तर अंदाज बरोबरच ठरला. आपण मात्र ठाण्यात वर्तकनगरच्या नाक्यावर कोरडी छत्री काखेत मारून खात्याचा उद्धार करत असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत भरला होता ७३. शहर एकच. कुलाब्यातल्या माणसाला त्या दिवशी कुणी प्रलयाचा इशारा दिला असता, तर त्यानेही गोधड्याच धुवायला काढल्या असत्या.

आपल्याकडचे ढगही तसेच लहरी. दुपारी आकाश निरभ्र आणि तासाभरात डोक्यावर काळाकुट्ट डोंगर. तो जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो, धो धो कोसळतो आणि तासा-दोन तासांत विरून जातो. पातेल्यातलं पाणी उकळणार हे कुणीही सांगेल, पहिला बुडबुडा कुठून वर येईल हे कसं सांगणार? कुलाब्याला २०१० मध्ये ढगांचा माग घेणारं डॉप्लर रडार आलं, २०२२ मध्ये अंधेरीच्या वेरावलीला दुसरं आलं. पण रडारला झालेला ढग दिसतो, होऊ घातलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम तर आता सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत अंदाज देते, आधीची चौकट बारा किलोमीटरची होती. मोठीच मजल आहे ही. तरी सहा किलोमीटर म्हणजे आमच्या ठाण्यात येऊरचं जंगल आणि तलावपाळीवरच्या भेळेच्या गाड्या जवळपास एकाच चौकटीत, म्हणजे दोन्हींना अंदाज एकच. गंमत म्हणजे ही प्रणाली दिल्लीत सुरू झाली २६ मे २०२५ ला, आणि त्याच दिवशी मुंबईत मोसमी पाऊस येऊन थडकला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. निदान १९५० पासून तरी इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. भुयारी मेट्रोच्या नव्याकोऱ्या आचार्य अत्रे चौक स्थानकात त्या दिवशी पाणी शिरलं.

आमच्या सासूबाईंचा या सगळ्यापेक्षा पंचांगावर भरवसा. मृगाचं वाहन काय, आर्द्राचं काय, हे त्या पाडव्यालाच बघून ठेवतात. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस भरपूर. कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ देणार. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. यातलं किती खरं होतं याचा हिशेब घरात कुणी ठेवलेला नाही, ठेवायचा असतो असंही कुणाला वाटत नाही. एक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालतं आणि बेडूक नेमका कुठल्या तालुक्यात डरावणार हे पंचांग सांगत नाही. त्यामुळे पंचांगकर्त्याला शिव्या घालताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

माझी स्वतःची वेधशाळा म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. तिथून येऊरचा डोंगर दिसतो. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, म्हणजे पाऊस डोंगरावरून उतरून येतो. आधी वरची झाडी पुसट होते, मग सगळा डोंगरच नाहीसा होतो. तो गेला की दोरीवरचे कपडे काढायला दहा मिनिटं मिळतात, कधी तेवढीही नाही. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात मात्र ही खिडकी बिनकामाची. तेव्हाचा पाऊस संध्याकाळी पूर्वेकडून येतो, घाटावरून, गडगडत. त्यासाठी जिन्यातल्या खिडकीत जाऊन मुंब्र्याच्या डोंगराकडे बघावं लागतं. समोरचा इस्त्रीवाला हे माझ्याआधीपासून जाणतो. दसऱ्यानंतर तो कपड्यांच्या गठ्ठ्यांवर प्लास्टिक टाकतो ते मुंब्र्याकडे एक नजर टाकूनच.

पण खिडकी सांगते ती दहा मिनिटांची गोष्ट, आणि उन्हाळ्यात आमच्या घराला हवा असतो पाच-सहा दिवसांचा अंदाज. कारण कुरडया.

कुरडया ज्यांनी फक्त तळून खाल्ल्या आहेत त्यांना हे कळायचं नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे उठून वरचं पाणी ओतून टाकायचं, चीक शिजवायचा, गुठळी होऊ न देता तो हटायचा (यात माझा दंड भरून येतो, सासूबाईंचा अजूनही येत नाही) आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून घालायच्या. ऊन चढायच्या आत गच्चीवर प्लास्टिक अंथरून, चारी कोपऱ्यांवर विटा. संध्याकाळी अलगद सोडवून उलटायच्या. मग दोन दिवस कडकडीत ऊन. म्हणजे सोमवारी गहू भिजत घालणाऱ्या बाईला शुक्रवार, शनिवार आणि रविवारचं आकाश सोमवारीच माहीत असावं लागतं. पूर्वी हा प्रश्नच नव्हता, मे म्हणजे ऊन. आता रविवारी रात्री सासूबाई माझ्या फोनकडे बोट दाखवतात, “बघ गं, गहू घालू का भिजत?”

फोनवर शुक्रवारखाली ढगाचं चित्र आणि ३० टक्के. “आई, तीस टक्के पाऊस दाखवतोय.” “म्हणजे किती वाजता?” “तसं नसतं ते. दहा वेळा अशी हवा झाली तर तीनदा पाऊस पडतो, असं.” त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. “मला दहा वेळा नाही करायच्या गं कुरडया. एकदाच करायच्यात.” यावर अजून मला उत्तर सुचलेलं नाही. हवामानशास्त्रालाही सुचेल असं वाटत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात त्यांनी गहू भिजवले आणि वळवाने मुक्कामच ठोकला. कुलाब्यात तर त्या महिन्यात इतका पाऊस झाला की १९१८ पासूनचा मेचा विक्रम मोडला. आमच्या दिवाणखान्यात सोफा भिंतीला लावून जुन्या धोतरांवर कुरडया पसरल्या होत्या, पंखा पाचावर. घरभर आंबूस वास. येणारा-जाणारा भिंतीला चिकटून चालत होता, कुरिअरवाल्याला दारातूनच परत धाडलं. तिसऱ्या दिवशी कडेच्या कुरडयांवर काळे ठिपके दिसायला लागले तेव्हा सासूबाईंनी एक शब्द न बोलता त्या वेचून डब्यात भरल्या. उरलेल्या तळल्यावर फुलल्या, पण घासाला आंबटपणा राहिला तो राहिलाच.

अलर्टच्या रंगांचंही असंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. आपण त्यांचा अर्थ थोडा, बरा आणि खूप पाऊस असा लावून घेतलाय. लाल दिला, शाळेला सुट्टी पडली आणि ऊन पडलं तर आई-बाप चिडतात. न देता शहर बुडालं तर वर्षानुवर्षं जाब विचारला जातो. तिथे बसणाऱ्याचा हात लालकडे जरा लवकर जात असेल, तर मी त्याला दोष देणार नाही. मीही मुलीला सप्टेंबर संपेपर्यंत रेनकोट दप्तरातून काढू देत नाही.

सासूबाईंनी आता यातून स्वतःपुरती वाट काढली आहे. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असं त्या नेहमी म्हणायच्या. २०२५ च्या शिवरात्रीला, २६ फेब्रुवारीला, मुंबई-ठाण्यात चक्क उष्णतेच्या लाटेचा पिवळा इशारा होता. जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोरात असले की समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो, आणि तो खाडी ओलांडून आमच्यापर्यंत येईपर्यंत दुपार भाजून निघालेली असते. बाकीचे ‘फेब्रुवारीतच हे काय’ म्हणून घाम पुसत होते. मे महिन्यातल्या फजितीनंतर सासूबाईंना ते ऊन आठवलं. वाळवण शिवरात्र झाली की लगेच उरकायचं, असं त्यांनी जाहीर केलं. नवा गहू तोवर बाजारात येत नाही आणि जुन्याला चीक कमी सुटतो, असं त्यांचं म्हणणं आहे, पण ती तडजोड त्यांना मान्य आहे.

आता अडलंय ते सेक्रेटरींपाशी. सोसायटीच्या नियमाप्रमाणे वाळवणासाठी गच्चीची किल्ली १ एप्रिल ते ३१ मे एवढीच मिळते, आणि तो नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभेत ठराव हवा. सभा असते सप्टेंबरात. सासूबाईंनी अर्ज दिला आहे, माझी सही अनुमोदक म्हणून आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यात स्वतःच्या हाताने ‘साबुदाण्याच्या पापड्यांसह’ असं घालून घेतलंय.