"स्वतंत्रपणे" या शब्दाची पारख

इंग्लंडमध्ये नवे डॉक्टर ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी वॉर्डात रुजू होतात. त्याआधी, शेवटच्या वर्षाच्या अखेरीस, विद्यार्थी काही आठवडे कनिष्ठ डॉक्टरांच्या बरोबरीने प्रत्यक्ष काम करतात, आणि आमच्या विभागात त्या काळात त्यांच्याकडून एक तक्ता भरून घेतला जातो. रक्त काढणे, इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावणे, औषधे लिहिणे, अत्यवस्थ रुग्णाची पहिली तपासणी अशा प्रत्येक कामापुढे "स्वतंत्रपणे", "देखरेखीखाली" किंवा "अजून नाही" यांपैकी एक उत्तर लिहायचे असते. गेली चार वर्षे हे तक्ते मी वाचते आहे.

हिस्टरी घेण्यापुढे, म्हणजे रुग्णाला विचारून आजाराची माहिती घेण्यापुढे, जवळजवळ सगळेच "स्वतंत्रपणे" लिहितात आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. यंदा एका विद्यार्थ्याने औषधे लिहिण्यापुढेही तेच लिहिले होते. मी त्याला सरावाच्या कागदावर इन्सुलिन लिहायला सांगितले, तेव्हा त्याने १० या आकड्याला चिकटून "यू" हे इंग्रजी अक्षर काढले. घाईत ते शून्यासारखे दिसते आणि १० युनिटचे १०० होतात, म्हणूनच येथे "युनिट" हा शब्द पूर्ण लिहिण्याचा दंडक आहे. नियम त्याला तोंडपाठ होता. हाताला तो अजून लागलेला नव्हता.

ब्रिटनमधील डॉक्टरांची नोंदणी व नियमन करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलसाठी १९ रुग्णालयांत झालेल्या, २००९ मधील अभ्यासात सुमारे ८.९ टक्के औषधनोंदींत चुका आढळल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांचे प्रमाण ८.४ टक्के होते आणि दुसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांचे १०.३. दुसऱ्या वर्षी अधिक गुंतागुंतीचे रुग्ण वाट्याला येत असतील, हे मान्य करूनही ही चढती संख्या मला अस्वस्थ करते, कारण त्याच वर्षात स्वतःवरचा विश्वास वाढलेला असतो.

मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात १२ महिन्यांची इंटर्नशिप केली, तेव्हा किती सलाइनी लावल्या आणि किती टाके घातले यावरूनच आम्ही स्वतःला जोखत असू. माझा हात चांगला बसला होता. एका रात्री धाप लागलेल्या आजींना मी एकटीने सांभाळत राहिले आणि वरिष्ठांना बोलवायला अर्धा तास उशीर केला. आजी वाचल्या. पण "मला येते" असे मी ज्याला म्हणत होते त्यात मदत केव्हा मागायची हे धरलेलेच नव्हते, आणि माझ्या लॉगबुकात त्यासाठी रकानाही नव्हता.

म्हणून यंदा मी आमच्या तक्त्यात दोन प्रश्न वाढवले : हे काम शेवटचे केव्हा केलेत, आणि करताना कोणी पाहिले? इन्सुलिनवाल्या त्या विद्यार्थ्याने औषधांपुढचे "स्वतंत्रपणे" खोडले, दोन्ही नवे रकाने कोरे ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डच्या फार्मासिस्टबाईंशेजारी बसून तो एकेक चार्ट वाचू लागला.