आमची वाटचाल : इराकी दिनारांच्या सोबतीने

परदेशी नोटांचा व्यवसाय सुरू केला तेव्हा आमच्या टेबलावर सगळ्या देशांचं थोडं थोडं असे. असा माल सगळ्यांकडेच असतो. आमची ओळख झाली ती इराकच्या नोटांमुळे.

या देशात काही वर्षं दोन दिनार शेजारी शेजारी चालले. 1990 नंतरच्या निर्बंधांमुळे ब्रिटनच्या डे ला रू या नोटा छापणाऱ्या कंपनीकडून नोटा येणं थांबलं. मग बगदादने सद्दामचं चित्र असलेल्या नोटा हलक्या कागदावर भरमसाट छापल्या. उत्तरेकडच्या कुर्दी भागात मात्र जुन्याच नोटा चालू राहिल्या; लोक त्यांना ‘स्विस दिनार’ म्हणत. त्यात नवी भर पडत नव्हती, त्यामुळे नोटा झिजल्या, फाटल्या, पण भाव टिकला. 15 ऑक्टोबर 2003 ते 15 जानेवारी 2004 या तीन महिन्यांत दोन्ही बदलून दिल्या गेल्या. सद्दामच्या एका दिनाराला एक नवा, स्विस दिनाराला 150!

म्हणून आम्ही तिन्ही पिढ्यांचा एकत्र संच करू लागलो. एरवी गिऱ्हाईक कोरी नोट मागतं, आणि आम्हीही तीच देतो. पण स्विस दिनारांतली अरबी घोड्यांची 25 दिनारांची नोट मळकी, चिकटपट्टी लावलेलीच घ्या, असा आमचा आग्रह असतो. तिचं मोल त्या वापरातच आहे. (सगळ्यांना पटत नाही, ठीक आहे.)

मग दुसऱ्याच प्रकारचे फोन येऊ लागले : ‘25,000 च्या गड्ड्या द्या, भाव वाढला की करोडपती.’ चलनातली तीन शून्यं काढण्याची चर्चा तिथे जुनीच आहे, पण शून्यं काढली तर 25,000 च्या जागी 25 मिळतील, पदरात जास्त काही पडणार नाही. सरकारी दर 2023 मध्ये डॉलरला 1,450 वरून 1,300 झाला, अलीकडची भाववाढ म्हणायची तर ती एवढीच. गुंतवणूक म्हणून गड्डी विकायची नाही असं आम्ही ठरवलं. धंदा बराच गेला. ती गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली असणार.

सध्या सर्वाधिक मागणी 10,000 च्या नोटेला आहे. पुढे मध्ययुगीन शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम, मागे मोसुलचा कललेला हदबा मिनार. 2017 मध्ये तो उडवला गेल्यापासून ही नोट खास मिनारासाठी मागितली जाते. 2015 ची 50,000 ची नोट संचात धरलेली नाही, ती वेगळी सांगावी लागते.