रंगाच्या आधी सांधा: जुने फर्निचर घरच्या घरी नव्याने वापरात आणताना

जुने फर्निचर नव्याने वापरात आणायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा रंगाचा डबा येतो. खुर्ची डुगडुगत असते, ड्रॉवर मध्येच अडकत असतो, आणि तरीही सगळी चर्चा कोणता रंग खुलून दिसेल याचीच चालते. घरी हे काम करता करता माझे मत मात्र याच्या उलट होत गेले आहे. नवशिक्याने सुरुवातीचा सगळा वेळ सांध्यांना द्यावा, म्हणजे लाकडाचे दोन तुकडे जिथे एकमेकांना धरून उभे असतात त्या जागा समजून घेण्यात घालवावा. रंग किंवा पॉलिश हा त्यानंतरचा आणि तुलनेने सोपा भाग आहे. सांधा पक्का असलेली वस्तू बेरंग असली तरी पुढची अनेक वर्षे वापरता येते, पण सुंदर रंगवलेली खिळखिळी खुर्ची थोड्याच दिवसांत पुन्हा माळ्यावर जाते.

पहिले काम म्हणून लहान आणि साधी वस्तू घ्यावी: एखादे स्टूल, हात नसलेली खुर्ची किंवा छोटे टेबल. ती भरीव लाकडाची असेल तर उत्तम. हे ओळखण्यासाठी वस्तू उलटी करून पाहावी, कारण दर्शनी बाजू फसवी असू शकते, खालची बाजू सहसा नसते. फळीच्या वरच्या बाजूवरील रेषा कडेवरून वळून पुढे गेलेल्या दिसल्या आणि खालच्या बाजूचे वळणही त्यांच्याशी जुळत असले, तर लाकूड भरीव आहे. कडेला पातळ थर एकावर एक दिसले तर ते प्लायवूड, आणि भुसा दाबून बसवल्यासारखा दिसला तर पार्टिकल बोर्ड. पार्टिकल बोर्ड एकदा पाण्याने फुगला की पूर्ववत होत नाही आणि त्यात स्क्रूची पकडही पुन्हा नीट बसत नाही, म्हणून अशा वस्तूवर शिकण्याची मेहनत घेऊ नये असे मी स्पष्टपणे सांगेन. व्हेनिअरचे, म्हणजे हलक्या लाकडावर अस्सल लाकडाचा पातळ थर चिकटवलेले, फर्निचर चांगले असू शकते, पण तो थर बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो; तो घासताना हात जड पडला तर खालचे हलके लाकूड उघडे पडते आणि ते लपवायला मग रंगाखेरीज दुसरा उपाय उरत नाही.

वस्तू घरात आणण्यापूर्वी कीड तपासावी. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे असणे एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. ती छिद्रे किडे बाहेर पडून गेल्याची खूण असते आणि ती फार जुनीही असू शकतात. आत कीड अजून जिवंत आहे का, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी वस्तू हातोडीच्या दांड्याने सर्व बाजूंनी हलकेच ठोकून घ्यावी, ब्रशने स्वच्छ झाडावी आणि तिच्याखाली काळा कागद पसरून काही आठवडे ती इतर लाकडी सामानापासून दूर ठेवावी. कागदावर पिठासारखी फिकट भुकटी पुन्हा पडली तर कीड चालू आहे, आणि उपचार झाल्याशिवाय त्या वस्तूला हात लावण्यात अर्थ नाही. वाळवीने आतून पोखरलेले लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजते. असा पाय किंवा पट्टी बदलावीच लागते.

मग साफसफाई. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके पुष्कळदा एवढे काम करते की जुने पॉलिश काढण्याचा विचारच मागे पडतो, कारण वर्षानुवर्षांचा हाताचा तेलकटपणा आणि धूळ यांच्या खाली मूळ चकाकी शाबूत असते. ती शाबूत असेल तर तशीच राहू द्यावी. काढायचीच असेल तर आधी ती कशाची आहे हे पाहावे. खालच्या एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा काही क्षण टेकवून ठेवावा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्यावर तपकिरी डाग उतरला तर ते लाखेचे पॉलिश आहे. अशा पॉलिशला स्पिरिटचाच नवा हात देता येतो आणि ओरखडे बरेचसे मिटतात, मुळापासून घासायची गरज राहत नाही. स्पिरिटने काहीच झाले नाही पण थिनरने विरघळले तर ते लॅकर असते. दोन्हींना दाद न देणारा थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि तो घासूनच काढावा लागतो. पाच मिनिटांच्या या चाचणीने दिवसभराची मेहनत वाचू शकते.

जुन्या रंगाबाबत मात्र सावधगिरी हवीच. पूर्वीच्या तेलरंगांमध्ये शिसे सर्रास वापरले जाई. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, आणि अनेक देशांत ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. शिशाची धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होतो. त्यामुळे वय माहीत नसलेली रंगवलेली वस्तू, विशेषतः पाळणा किंवा मुलांची खुर्ची, कधीही कोरडी घासू नये आणि तिचा रंग तापवूनही काढू नये. अशी वस्तू पहिल्या कामासाठी निवडूच नये, हा माझा आग्रह आहे.

आता मुख्य कामाकडे वळते. खुर्ची डुगडुगते तेव्हा बहुतेकदा लाकूड मोडलेले नसते, डिंक सुटलेला असतो. पायाला खाच पाडलेली असते आणि आडव्या पट्टीचे टोक, म्हणजे कुसू, त्या खाचेत बसवलेले असते. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. सांध्यात दोन लाकडांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असल्यामुळे दर ऋतूला त्यांची ओढाताण होते आणि कधीतरी डिंक तुटतो. अशा सांध्यात वरून खिळा ठोकणे किंवा लोखंडी काटकोनी पट्टी मारणे हा सर्वांत प्रचलित आणि माझ्या मते सर्वांत घातक उपाय आहे. खिळ्याने कुसू चिरते, पट्टीच्या स्क्रूंनी पाय कमजोर होतो, आणि आतला सांधा मात्र हलतच राहतो.

योग्य उपाय म्हणजे सांधा पूर्ण उघडणे. उघडण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर आणि त्याच्या जोडीच्या खाचेवर चिकटपट्टी लावून एकच अक्षर लिहावे. सारख्या दिसणाऱ्या पट्ट्याही क्वचितच अदलाबदल होऊन नीट बसतात. कुठे खिळा किंवा स्क्रू लपलेला नाही ना, हे बोटाने चाचपून घ्यावे. मग रबरी हातोड्याने, सांध्याच्या अगदी जवळ, हलके ठोके द्यावेत. जुन्या फर्निचरमध्ये प्राण्यांच्या कातडीपासून आणि हाडांपासून केलेला सरस वापरलेला असतो, आणि तो ऊब आणि ओलावा मिळताच मऊ होतो. घट्ट सांध्याच्या कडेला ब्रशने किंवा सिरिंजने कोमट व्हिनेगर सोडून थोडा वेळ थांबले की तो कुरकुरत सुटू लागतो. तंतुवाद्ये करणारे कारागीर आजही सरस वापरतात तो याच गुणामुळे, कारण वाद्य दुरुस्तीसाठी न मोडता उघडता आले पाहिजे. फर्निचर-निर्माते मिखाएल थोनेट यांची १८५९ सालची १४ क्रमांकाची प्रसिद्ध खुर्ची तर वाफेने वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावरच उभी होती. उघडता येणारी वस्तू दुरुस्त होत राहते, म्हणून आपणही जे काही जोडू ते पुढे कोणाला तरी उघडता येईल असे जोडावे, हे मी प्रत्येक वेळी ध्यानात ठेवते.

सांधा उघडल्यावर कुसूवरचा जुना, काचेसारखा तकतकीत झालेला डिंक खरवडून काढणे अत्यावश्यक असते. सुतारकामाचा पांढरा डिंक लाकडाच्या तंतूंत शिरून धरतो. जुन्या डिंकाच्या थरावर तो नुसता वर बसून राहतो. मात्र खरवडताना लाकूड झिजवू नये, कारण कुसू बारीक झाले तर खाचेत सैल पडेल आणि पांढरा डिंक पोकळी भरून काढू शकत नाही. सैल पडलेच तर रंध्यातून निघालेली लाकडाची पातळ साल डिंक लावून कुसूभोवती चिकटवावी आणि वाळल्यावर बेताने घासून खाचेच्या मापाची करावी. हाताच्या दाबाने आत जाईल आणि उलटे धरले तरी गळून पडणार नाही, असे माप बरोबर. डिंक लावण्यापूर्वी सगळी खुर्ची एकदा कोरडीच जोडून पाहावी.

मग डिंक लावून खुर्ची जोडावी आणि तो वाळेपर्यंत सांधे दाबून धरावेत. त्यासाठी क्लॅम्प, म्हणजे दाबून धरणारे शिकंजे, नसतील तरी अडत नाही. चारही पायांभोवती जाड दोरीचे दोन वेढे घालावेत, त्यांच्यामध्ये काठी अडकवून पीळ द्यावा आणि काठी आडव्या पट्टीला टेकवून बांधून टाकावी. दाब सर्व बाजूंनी पुरेसा येतो. पायांना दोरीचे वळ पडू नयेत म्हणून खाली फडके ठेवावे. पीळ देऊन झाला की लगेच खुर्ची सपाट जमिनीवर उभी करून पाहावी आणि बैठकीच्या चौकटीचे कर्ण मोजावेत. चौकट आयताकृती असेल तर दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत, आणि ती पुढे रुंद व मागे अरुंद असली तरीही सारखेच यायला हवेत. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने हलका दाब देऊन चौकट सरळ करावी. ओघळलेला डिंक ओल्या फडक्याने तत्काळ पुसावा, नाहीतर त्या जागी पॉलिश मुरत नाही आणि फिकट डाग कायम दिसत राहतो. २४ तास त्या खुर्चीवर कोणालाही बसू देऊ नये.

घासण्याच्या कामाला कौशल्यापेक्षा संयम जास्त लागतो. पॉलिश पेपर ८० क्रमांकापासून सुरू करून १२० आणि १८० असा चढत न्यावा, कारण प्रत्येक क्रमांक आधीच्या क्रमांकाचे ओरखडे पुसत जातो. मधला टप्पा गाळला तर ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिशचा हात फिरला की ठळक उमटतात. हात नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवावा आणि मास्क लावावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांत गणली आहे.

नवशिक्यासाठी सर्वांत क्षमाशील लेप म्हणजे जवसाचे उकळलेले तेल. पातळ हात द्यावा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले तेल कोरडे पुसून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे. लाकडाची रेषा अशी उमलून येते की रंगाचा विचार मनातून जातो. पण त्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कधीही टाकू नयेत. हे तेल वाळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि उष्णता बाहेर टाकते. बोळ्याच्या आत ती उष्णता साठून फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी उघड्यावर एकेक पसरून कडक वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवावीत. रंगच द्यायचा असेल तर आधी अस्तर, मग पातळ हात, आणि पुरेशी वाट. पाण्यात कालवलेला रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला त्याला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर त्यावर जड वस्तू ठेवली की ती चिकटून बसते.

वस्तूचा उपयोगच बदलायचा असेल, उदाहरणार्थ ड्रॉवरच्या कपाटाचे पुस्तकांचे शेल्फ करायचे असेल, तर पाठीची पातळ फळी शोभेची समजून काढून टाकू नये. चौकट बाजूला कलू न देण्याचे काम तीच करत असते. ती काढायचीच असेल तर मागच्या कोपऱ्यांत तिरक्या पट्ट्या द्याव्यात. वर भरीव लाकडाची नवी फळी बसवताना ती कडेपर्यंत डिंकाने चिकटवू नये. स्क्रूची छिद्रे फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवली म्हणजे तिला ऋतूप्रमाणे फुगायला आणि आकसायला जागा राहते आणि ती चिरत नाही. शेवटी, उंच कपाट भिंतीला बांधलेच पाहिजे. वरचे ड्रॉवर एकाच वेळी उघडले किंवा एखादे मूल त्यांवर चढले की सगळा भार पुढे येतो आणि कपाट कोसळते. भिंतीला जोडणारी पट्टी कपाटाच्या वरच्या भरीव आडव्या लाकडात बसवावी, पाठीच्या पातळ फळीत नव्हे.